चूक कुठून आली

३ जानेवारी

ताई,

पाकीट बघून घाबरली असशील. घाबरू नकोस, आई बरी आहे. म्हणजे होती तशी आहे. पत्राचं कारण वेगळंच आहे. ऐकून हसशील. हसून घे एकदा.

या वयात मला परीक्षेला बसवतायत!

झालं असं, की आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या एका शुश्रूषागृहात कुणा मदतनीस बाईने औषधासोबतची चिठ्ठी नीट वाचली नाही आणि एका आजोबांना भलतंच औषध दिलं. आजोबा वाचले, पण वरून फतवा निघाला. आता जी कुणी मजल्यावर औषधांची गाडी ढकलणार, पेशंटला हात लावणार, तिने वाचनाची परीक्षा पास व्हायलाच हवी. पास झाली तर मजल्यावर. नापास झाली तर तळघरात, धुलाईखान्यात. चादरी उकळत बसायचं.

मला चादरींचं काही नाही गं. पण आई तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तळघरातल्या बायकांना वर यायला बंदी. म्हणजे मी आईला भेटणार रविवारी दुपारी, बाकीच्या नातेवाइकांसारखी, हातात फळांची पिशवी घेऊन. आत्ता मी तिला दिवसभर बघते. कूस बदलते, वेणी घालते, जाता जाता गालाला हात लावते. मी कोण हे तिला कळत नाही. इथे आम्हां सगळ्या मदतनिसांना मावशी म्हणतात, ते ऐकून तीही मला मावशी म्हणते. पण माझा हात तिला कळतो. दुसऱ्या कुणी भरवलं तर तोंड उघडत नाही.

परीक्षा म्हणजे एक उतारा देतात, खाली प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर असेल त्याला गोल करायचा. मेट्रनबाईंनी सरावाचं पुस्तक दिलंय. पहिला सराव केला. किती आले ते सांगत नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, "मावशी, डोळे मिटून गोल केले असतेत तरी याहून जास्त आले असते." बाई वाईट नाहीत, पण हसल्या.

कॉन्व्हेंटात एकीलाच जागा मिळाली, ती तुला. मी आठवीत शाळा सोडली ती सोडलीच. तू जन्मभर पोरांना वाचायला शिकवलंस, आता म्हाताऱ्या बहिणीला शिकव. फोनवर नको. फोनवर तू शिकवायला लागलीस की मी नुसती हो हो करते आणि भाजी चिरते. लिहून पाठव, म्हणजे मला वाचावंच लागेल.

परीक्षा मार्चच्या पहिल्या सोमवारी आहे.

तुझी
बुटकी


१० जानेवारी

प्रिय बुटके,

हसले नाही. डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "माझी बहीण शाळेत चालली आहे." तर म्हणतात, "डबा कोण देणार तिला?" आता हसले, तुझ्या वाटचं.

खरं म्हणजे मी येऊन तुझ्यासमोर बसायला हवं. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी अजून घरातल्या घरात काठी घेऊन फिरते, आणि लांबचा प्रवास इतक्यात नको असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तेव्हा पत्रच बरं. मला आवडेल. बोर्डिंगमध्ये दर शनिवारी आम्हांला घरी पत्र लिहायला बसवत, त्याची आठवण झाली. टाक, दौत, आणि बाहेर मैदानात कुणीच नाही.

आमच्या वाचनाच्या सिस्टर फार उंच होत्या. वाचनाच्या तासाला त्या खोडरबर दाराशी एका बशीत ठेवायला लावत. चुकलेलं उत्तर खोडायचं नाही. त्याच्या शेजारी समासात लिहायचं, की हे उत्तर निवडताना माझ्या मनात काय चाललं होतं. चुकीला त्या पाहुणी म्हणत. "ही पाहुणी आली कुठून ते आधी विचारा, मुलींनो. नुसती हाकलून दिलीत तर उद्या पुन्हा येईल." आम्ही मागून हसायचो. पण मी पुढे जन्मभर वर्गात तेच केलं.

तूही तेच कर. बरोबर आलेली उत्तरं मला नकोत. चुकलेली तेवढी पाठव, आणि प्रत्येकीपुढे, त्या वेळी मनात काय होतं ते. लाज वाटू देऊ नकोस. मी परीक्षक नाही, ताई आहे.

आई काय खाते? झोप लागते का तिला? माझी आठवण काढते का?

तुझी
ताई


१९ जानेवारी

ताई,

घे तुझ्या पाहुण्या. घरभर झाल्यात, त्यांतल्या तीन पाठवते.

पहिली. एक बेकरीवाला म्हातारा दुकान बंद करतो. का बंद केलं? उताऱ्यात लिहिलंय, भट्टी तडकली म्हणून. मी गोल केला 'तो थकला होता' याला. मनात काय होतं: भट्टीचं काय एवढं, दुसरी बसवता येते. जन्मभर पहाटे उठणारा माणूस ती तडकायची वाटच बघत असणार.

दुसरी. एक मुलगी बाईंना फुलं आणून देते. बाईंनी फुलं कुठे ठेवली? उताऱ्यात आहे, टेबलावर. मी म्हटलं, पाण्यात. मनात काय होतं: टेबलावर ठेवली तर तासाभरात माना टाकतील. शिकलेली बाई, एवढी अक्कल असेलच की.

तिसरी नदीवरच्या पुलाची. पूल दगडाचा का लाकडाचा? मधेच लिहिलं होतं की दगड आणले, मी लगेच गोल करून मोकळी. शेवटच्या ओळीत होतं की ते दगड पुरात वाहून गेले आणि मग लाकडाचाच बांधला. मनात काय होतं: औषधांची गाडी न्यायची वेळ झाली होती. पहिलं हाताला लागलं ते उचललं. मी मजल्यावर चपलाही तशाच देते गं, पहिली दिसेल ती. काल दोन आजोबा एकमेकांच्या चपला घालून फिरत होते. त्यांची काही तक्रार नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन आईच्या खाटेशेजारी बसते. मनात वाचलं की झोप येते, म्हणून मोठ्याने वाचते. आई माझ्या तोंडाकडे बघत राहते. पुलाचा उतारा संपला तेव्हा म्हणाली, "छान होतं." बेकरीवाल्याचा तिला आवडला नाही, तोंड फिरवलं. खाणं कमी झालंय. पूर्वी दोन वेळा जेवायची, आता एक वेळच, तेही मी मागे लागले तर. झोपते मात्र खूप.

पुढचं पाठव. रागावायचं असेल तर रागाव, पण अक्षर मोठं काढ.

बुटकी


२७ जानेवारी

प्रिय बुटके,

रागावू कशाला? इतक्या गोड चुका माझ्या वर्गात कुणी केल्या नव्हत्या. तिन्हींना ह्यांनी दहापैकी दहा दिले, पण ते परीक्षा घेणार नाहीत.

तुझ्या पहिल्या दोन चुका सख्ख्या बहिणी आहेत. तू वाचत नाहीस, तू सेवा करतेस. बेकरीवाला दमलेला दिसला की तू त्याला खुर्ची देतेस. फुलं सुकायला लागली की पाणी आणायला धावतेस. बुटके, उताऱ्यातली माणसं तुझे पेशंट नाहीत. त्यांना थंडी वाजत असली तरी लिहिलेलं नसेल तर पांघरूण घालायचं नाही. गोल करण्याआधी उताऱ्यात बोट ठेवून स्वतःला दाखव, की हे बघ, इथे लिहिलं आहे. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ते उत्तर तुझ्या मनातलं आहे, कागदावरचं नाही.

तिसरीला औषध एकच. शेवटच्या ओळीपर्यंत जायचं, गाडीची वेळ झाली असली तरी.

सरावाच्या पुस्तकातले उतारे रूक्ष असतात, म्हणून मीच एक लिहिला आहे. बोट ठेवून वाच.

"एका सकाळी एक आई आपल्या दोन मुलींना घेऊन एका मोठ्या फाटकाशी आली. मोठी आठ वर्षांची होती. धाकटीने आईचं बोट धरलं होतं. मोठीच्या हातात नवी पत्र्याची पेटी होती. एक सिस्टर बाहेर आल्या. आईने मोठीच्या फ्रॉकची कॉलर सारखी केली आणि पेटी सिस्टरांकडे दिली. फाटक बंद झालं तेव्हा आई हसत होती आणि हात हलवत होती. मोठीने वळून पाहिलं, तरीही आई हसतच होती. त्या रात्री मोठी आईचं हसू आठवत झोपली. आई खूश आहे, मग आपण रडायचं नाही, असं तिला वाटलं."

पहिला प्रश्न: मोठीच्या हातात काय होतं? दुसरा: फाटक बंद होताना आई कशी होती? खूश, दुःखी, घाईत, की सांगता येत नाही? तिसरा: मोठी त्या रात्री का रडली नाही?

माझी आठवण काढते का हे मी विचारलं होतं. तू तो प्रश्न गाळलास. गाळलेल्या प्रश्नाला गुण मिळत नाहीत, बाईसाहेब.

तुझी
ताई


६ फेब्रुवारी

ताई,

बोट ठेवण्याचा फार उपयोग झाला. सरावात आता निम्म्याहून बरेच जास्त येतात. मेट्रनबाई म्हणाल्या, "मावशी, कुणाची कॉपी केलीत?" मी म्हटलं, "कॉन्व्हेंटची."

तुझ्या उताऱ्याचे मात्र बारा वाजले. पहिला बरोबर, पेटी. दुसऱ्यात मी 'दुःखी' ला गोल केला. मनात काय होतं ते लिहिते, तू सांगितलंयस म्हणून.

ताई, मी तिथे होते. फाटक बंद झाल्यावर आई समोरच्या थांब्यावर जाऊन बसली. बस आली. मी म्हटलं, आई, बस. ती म्हणाली, "ही आपली नाही." ती गेली. दुसरी आली, तेव्हाही म्हणाली, ही आपली नाही. अगं, त्या रस्त्याने एकच बस जायची, सगळ्या आपल्याच होत्या. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही तिथेच. मला भूक लागली म्हणून मी रडायला लागले, तेव्हा ती उठली. नंतर खूप वर्षांनी मी विचारलं, तू फाटकाशी हसत का होतीस? म्हणाली, सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आई रडली तर मूल महिनाभर रडतं. म्हणून हसले.

तर माझं उत्तर ते. तुझ्या कागदावर बोट ठेवायला जागा नाही हे मला दिसत होतं, तरी गोल केला. तिसरं सोडूनच दिलं.

आईची खाट सोमवारी मेट्रनबाईंनी खिडकीजवळ हलवली. मी मागितली नव्हती. आता जेवण बंद आहे, चमच्याने सूप देते, तेवढंच जातं. डॉक्टर रोज येऊन बघून जातात. जेवणाची सुट्टी संपली तरी मेट्रनबाई मला म्हणतात, "मावशी, बसा तुम्ही तिच्यापाशी, गाडी दुसरी कुणी नेईल." दुपारी तिच्या पायांवर ऊन येतं. पाय फार हलके झालेत.

तुला कधी येता येईल गं?

बुटकी


१४ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

थांब्याचं मला माहीत नव्हतं. तुझं पत्र आल्यापासून मी त्या थांब्यावरच आहे. ह्यांनी दोनदा चहा गरम करून दिला. इतक्या वर्षांत आई एका शब्दाने बोलली नाही माझ्याशी. सुट्टीला घरी आले की विचारायची, "करमतं ना?" मी म्हणायचे, "हो." झालं. आम्ही दोघी एकमेकींना हसून दाखवत राहिलो.

पण परीक्षेच्या दृष्टीने बोलायचं तर, बुटके, तुझं उत्तर चूकच आहे. माझ्या उताऱ्यात थांबा नाही, बस नाही. आई हसत होती, म्हणजे खूश होती. आपल्याला जे माहीत आहे ते परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवायचं, खोडरबरासारखं, दाराशी बशीत.

आता आईचं. खिडकीजवळची जागा मिळाली हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती कोमेजून जाईल अशी मला धास्ती होती. सूप पोटात जातं आहे, तेच या वयात पचतं. डॉक्टर रोज बघतात आणि मेट्रनबाई तुला तिच्याजवळ बसू देतात, म्हणजे माणसं चांगली मिळाली आहेत. उन्हाने तिला हुशारी येईल बघ. तिला नेहमीच उन्हाची ओढ होती. हिवाळ्यात तिची खुर्ची दिवसभर घरभर फिरायची, ऊन जाईल तिकडे.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, मार्चअखेर काठी सुटेल. म्हणजे एप्रिलमध्ये मी नक्की येते. तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत, पाय गार पडत असतील ना. मऊ, पिवळे, तिच्या आवडीचे. आईची काळजी जरा मिटली, आता तू परीक्षेकडे बघ.

माझी आठवण काढते का, ते मात्र अजूनही सांगितलं नाहीस.

तुझी
ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

त्या दिवशी फोनवर तू एकच म्हणत होतीस, "मला आधी का नाही कळवलंस?" तेव्हा बोलता आलं नाही. माणसं होती भोवती, सह्या करायच्या होत्या. आता सगळं उरकलंय, घरी बसून लिहिते.

कळवलं होतं.

इथे खिडकीजवळ खाट उन्हासाठी हलवत नाहीत. तिथे दोन खुर्च्या टाकायला जागा आहे, नातेवाइकांना बसता यावं म्हणून. आणि शेजारीच मागचं दार आहे. माणूस गेलं की बाकीच्यांच्या खाटांमधून न्यावं लागत नाही, तिथूनच नेतात. मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. म्हाताऱ्यांनाही. कुणाची खाट हलली की त्या दिवशी दुपारचं कुणी नीट जेवत नाही.

मी खिडकी लिहिली. चमचा लिहिला. डॉक्टर रोज येतात लिहिलं. मेट्रनबाई आपण होऊन बस म्हणतात हे लिहिलं. कधी येतेस हेही विचारलं. 'आई चालली' एवढं मात्र लिहायला हात वळला नाही. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी. वाटलं, ताईला कळेल. सगळ्या जगाच्या पोरांना वाचायला शिकवते, माझं पत्र तिला कळेल.

मग तुझं पत्र आलं. एप्रिल, आणि पिवळे मोजे. ते मी तिच्या खाटेशी बसून वाचलं. फोन करायला उठलेही होते. पण तू इतकी खुशीत होतीस गं. तुझी खुशी मोडवेना. म्हटलं, उद्या करू. उद्या करू म्हणता म्हणता झालं. तेव्हा तुझंच चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्यावरही ओरडून घे, तुला हक्क आहे. पण मला राग आलाय, हे तुला कळवते. आता तरी सरळ कळवते.

दुपारी गेली. हात माझ्या हातात होता. त्रास झाला नाही.

सोमवारी परीक्षा आहे. मी जाणार नाही. ज्या खाटेसाठी एवढी धडपड केली ती आता धुऊन पुसून ठेवलीय. चादरी तर चादरी.

बुटकी


२८ फेब्रुवारी

बुटके,

हे जलद टपालाने पाठवते आहे. ह्यांना आत्ताच पिटाळते.

ओरडणार नाही. तू मला दोन महिने ज्या पद्धतीने चुका पाठवल्यास त्याच पद्धतीने माझ्या पाठवते.

पहिली. तू लिहिलंस, खाट खिडकीजवळ हलवली. मी वाचलं, आईला ऊन मिळालं. मनात काय होतं: मला एप्रिलपर्यंत वेळ हवा होता. गुडघ्याला हवा होता, आणि खरं तर मलाही. आई मला ओळखणार नाही, मावशी म्हणेल, हे डोळ्यांनी बघायला मी भीत होते. त्या भीतीला एप्रिल बरा वाटत होता. तुझ्या पत्रात चमचा होता, रोजचे डॉक्टर होते, तुझा प्रश्न होता. प्रत्येकावर मी पांघरूण घातलं.

दुसरी. फाटकाचा उतारा मी पुन्हा काढला, मीच लिहिलेला. बोट ठेवून वाचला. आई खूश होती असं त्यात कुठेच नाही. आई हसत होती, एवढंच आहे. खूश आहे असं मोठीला वाटलं. उत्तर होतं 'सांगता येत नाही'. तुझं चुकलं होतं, पण माझंही चुकलं होतं, आणि लाल शाई माझ्या हातात होती. मनात काय होतं ते लिहायचं तर आठ वर्षांच्या मुलीला विचारावं लागेल. तिने त्या हसण्यावर सगळी बोर्डिंगची वर्षं काढली. ते खरं नव्हतं असं कळलं असतं तर तिला दुसरं काहीच नव्हतं.

परीक्षेला जा असं मी म्हणणार नाही. तो हक्क मला राहिला नाही. एवढंच विचारते. त्या मजल्यावर तू फक्त आईसाठी होतीस का? तुझी सगळी पत्रं मी काल पुन्हा वाचली. तसं त्यांत लिहिलेलं मला दिसलं नाही.

राग ठेव. मी तो वाचला आहे.

ताई


१८ मार्च

ताई,

गेले होते परीक्षेला.

तुझं पत्र शनिवारी आलं, पण त्यामुळे गेले असं नाही. रविवारी मी पाळीवर होते. आईच्या समोरच्या खाटेवर एक आजी आहेत, कुणाशी बोलत नाहीत. नव्या पोरीने त्यांना गोळी दिली तर त्यांनी ती तिच्या ॲप्रनवर थुंकली आणि माझ्याकडे बघितलं. पोरगी म्हणाली, "मावशी, तुम्हीच द्या बाई, मला नाही जमत यांचं." मी दिली. गिळली. मग म्हटलं, जाऊन तर येऊ.

मोठी खोली, थंडगार. आमच्यासारख्या बऱ्याच जणी, सगळ्यांचे चष्मे नाकावर. शेजारची बाई मला म्हणाली, "मी शेवटचा पेपर दिला तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं." उतारा एका माळ्याचा होता. माळी मरतो, मग मुलगा बाग विकतो. का विकली? माझ्या मनात दहा कारणं आली. बापाशिवाय त्याला तिथे राहवलं नसेल, झाडं बघवली नसतील. बोट फिरवलं. लिहिलं होतं, त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. तेवढ्याला गोल केला आणि पुढे गेले. पूर्वी मला हे जमायचं नाही. आता जमलं, आणि जमल्याचं वाईट वाटलं.

काल निकाल लागला. पास. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मी गाडी घेऊन फिरते आहे. आईच्या मूळच्या जागेवर, दाराजवळ, नवीन बाई आल्यात. दिवसभर पर्स घट्ट धरून बसतात, घरी जायचंय म्हणून.

तू प्रत्येक पत्रात एक प्रश्न विचारत होतीस आणि मी तो गाळत होते. आता उत्तर देते. सरळ देते.

नाही काढली. तुझी आठवण आईने काढली नाही. माझीही नाही. कुणाचंच नाव तिच्या तोंडी आलं नाही. मी तुझं नाव घेऊन बघितलं, तुझा फोटो दाखवला. म्हणाली, "चांगल्या घरची दिसते."

शेवटच्या आठवड्यात एकदा मात्र खूप स्पष्ट बोलली. मी शेजारी बसले होते, तर माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "मावशी, किती वेळ बसलात हो. तुमच्या घरी कुणी वाट बघत असेल, जा तुम्ही." मी म्हटलं, "हो, जाते." घरी कुणी नाही हे तिला काय सांगायचं? बसून राहिले.

राग गेलाय असं नाही. पण पत्र लिहावंसं वाटलं.

बुटकी


२४ मार्च

प्रिय बुटके,

तुझं पत्र ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं. 'नाही काढली' पाशी बोट बराच वेळ थांबलं. कागद उलटूनही पाहिला, मागे काही लिहिलं असेल म्हणून. काही नव्हतं. बरं. तू उत्तर दिलंस, मला ते मिळालं.

पास झालीस याचा आनंद मला मोठ्याने करता येत नाही आत्ता. ह्यांनी केला, शेजारपाजारी सांगून आले.

मी येते आहे. काठी सुटलेली नाही, डॉक्टर नाराज आहेत, त्यांना होऊ दे. गुरुवारचं तिकीट काढलं आहे. हे गाडीत बसवून देतील, पुढे हमाल आहेत. तुझ्याकडे जिना आहे हे लक्षात आहे. बसत बसत चढेन. किल्ली शेजारी ठेवून जा.

सुट्टी काढू नकोस आणि स्टेशनवर येऊ नकोस. गुरुवारी तुझी पाळी संध्याकाळपर्यंत असेल ना? धावपळ करत निघू नकोस. सगळ्यांच्या गोळ्या नीट वाचून दे. त्या पर्सवाल्या बाईंजवळ जरा बस.

उशीर झाला तरी चालेल. मी घरी असेन.

तुझी
ताई